खेळण्यांची पिशवी आणि १४ लाख अंगणवाड्या

अंगणवाडी म्हटले की डोळ्यांसमोर येतात ती तीन ते सहा वर्षांची मुले. वास्तविक २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या कक्षेत जन्मापासूनची सर्व बालके येतात. तीन वर्षांखालील बाळाच्या वाट्याला मात्र प्रामुख्याने येते ते घरी न्यायचे आहाराचे पाकीट, लसीकरणाची आठवण आणि वजनाची नोंद. या बाळाशी किती बोलावे, कसे खेळावे, त्याने बोट दाखवले तर त्याला प्रतिसाद कसा द्यावा, याबद्दल त्याच्या आईशी वा आजीशी बसून बोलणारे कोणी क्वचितच असते. मेंदूची जडणघडण आयुष्यात सर्वांत वेगाने होते ती नेमकी याच काळात.

ही उणीव भरून काढण्यासाठी जगभर जे उपक्रम चालतात, त्यांना ढोबळपणे बालसंगोपन साहाय्य कार्यक्रम म्हणता येईल. प्रशिक्षित कार्यकर्ती ठरावीक दिवशी घरी येते किंवा चार-पाच मातांना एकत्र बसवते आणि मुलाशी खेळण्याचे, बोलण्याचे सोपे प्रकार त्यांच्याकडून करवून घेते. ‘आमच्या आज्या-पणज्यांना हे कोणी शिकवले होते?’ असा प्रश्न येथे हमखास विचारला जातो, आणि तो गैरही नाही. पाळणे, बडबडगीते, मांडीवरचे खेळ ही आपली फार जुनी मिरास आहे. परंतु पहाटेपासून मजुरीवर असलेली आई, दूर गावी राहिलेली आजी आणि दहा बाय दहाची खोली अशा संसारात ती मिरास पोहोचतेच असे नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतील पाच वर्षांखालील ४३ टक्के, म्हणजे सुमारे २५ कोटी मुले, दारिद्र्य आणि खुंटलेली वाढ यांमुळे आपल्या क्षमतेपर्यंत न पोहोचण्याच्या धोक्यात होती.

अशा साहाय्याचा उपयोग होतो की नाही, हा वाद आता बराचसा मागे पडला आहे. संशोधकांना सध्या छळणारा प्रश्न निराळा आहे. शंभर घरांत जे साधले ते लाखो घरांत, सरकारी यंत्रणेच्या हातून, साधेल काय?

किंग्स्टनमधील १२९ बालके

या विषयावरील जवळजवळ प्रत्येक चर्चा एका छोट्या बेटापाशी येऊन थांबते. जमैकाची राजधानी किंग्स्टन येथील गरीब वस्त्यांत १९८६-८७ मध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९ ते २४ महिने वयाची, उंची खुंटलेली १२९ बालके निवडली. त्यांचे चार गट केले. एका गटाला दर आठवड्याला एक किलो दुधाची भुकटी मिळे, दुसऱ्याकडे आठवड्यातून एकदा तासाभराची घरभेट होई, तिसऱ्याला दोन्ही मिळे आणि चौथा गट केवळ तुलनेसाठी होता. हा क्रम दोन वर्षे चालला.

घरभेटीला येणाऱ्या स्त्रिया डॉक्टर वा शिक्षिका नव्हत्या. त्या बेताचे शिक्षण झालेल्या स्थानिक आरोग्य साहाय्यिका होत्या. त्यांच्या पिशवीत टाकाऊ डब्या-बाटल्यांचे खुळखुळे, ठोकळे, हाताने काढलेली चित्रे असत. खेळणी आठवडाभर घरी ठेवली जात आणि पुढच्या भेटीत बदलली जात. मुलाला शिकवणे हे त्या भेटीचे काम नव्हते. साहाय्यिका एक खेळ करून दाखवी, मग आई तो मुलाबरोबर खेळे आणि साहाय्यिका तिचे मनापासून कौतुक करी. साहाय्यिका निघून गेल्यावर उरलेले सहा दिवस घरात काय घडते, यावर सारी मदार होती. या पद्धतीचे सामर्थ्य मला या एका गोष्टीत दिसते, आणि विस्तार करताना सर्वांत आधी हरवते तीही हीच गोष्ट.

ही मुले २२ वर्षांची झाल्यावर त्यांतील १०५ जणांना शोधून काढण्यात आले. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१४ साली आलेल्या निष्कर्षानुसार, ज्यांच्या घरी भेटी झाल्या होत्या त्यांची कमाई तुलनागटापेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक होती. उंची न खुंटलेल्या त्यांच्या समवयस्कांशी ती जवळपास बरोबरीची होती. नुसत्या दुधाच्या भुकटीचा असा दीर्घकालीन परिणाम दिसला नाही. आहार निरुपयोगी ठरला, असा याचा अर्थ कोणी काढू नये. आहाराच्या पाकिटावर काम संपत नाही, एवढे मात्र यातून स्पष्ट झाले. याच पद्धतीतून पुढे ‘रीच अप’ नावाचा, देशोदेशी जुळवून घेता येईल असा अभ्यासक्रम तयार झाला.

संख्या वाढली की गुण पातळ का होतो?

पुढील आकडे समजण्यासाठी एक लहानसे स्पष्टीकरण आवश्यक आहे. संशोधक मुलांच्या बौद्धिक विकासातील फरक ‘प्रमाण विचलना’त मोजतात. शंभर मुले विकासाच्या क्रमाने उभी केली असे समजू. परिणाम ०.३ असेल तर मधोमध, पन्नासाव्या जागी असलेले मूल साधारण बासष्टाव्या जागेपर्यंत पुढे सरकते, ०.१ असेल तर जेमतेम चोपन्नाव्या.

कोलंबियाने आपल्या रोख अनुदान योजनेचा आधार घेतला. त्या योजनेतील लाभार्थी स्त्रियांनी आपल्यातून निवडलेल्या ‘नेतृत्व करणाऱ्या माता’ गावोगाव होत्याच. त्यांनाच घरभेटीचे प्रशिक्षण देण्यात आले. ९६ नगरपालिका क्षेत्रांतील १४२० मुलांवर १८ महिने हा प्रयोग झाला. बौद्धिक विकासातील वाढ ०.२६ एवढी भरली आणि २०१४ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा मोठीच आशा निर्माण झाली. मात्र कार्यक्रम थांबल्यानंतर दोन वर्षांनी याच मुलांची पुन्हा पाहणी केली असता तो फरक उरलेला नव्हता. जमैकात टिकले ते येथे का विरले, याचे एकमेव उत्तर कोणाकडेच नाही. जमैकातील मुले अधिक वंचित होती, तेथील कार्यकर्त्यांवरील देखरेख बारकाईची होती आणि भेटी सहा महिने अधिक चालल्या, एवढे फरक तर उघड आहेत.

पेरूने याहून मोठी उडी घेतली. २०१२ साली सुरू झालेला ‘कुना मास’ हा तेथील सरकारी कार्यक्रम ग्रामीण भागातील हजारो कुटुंबांपर्यंत घरभेटी नेतो. त्याच्या मूल्यमापनात दिसलेला परिणाम ०.१ च्या आसपास आहे. तो खोटा नाही, पण किंग्स्टनच्या मानाने पातळ आहे. चीनच्या शान्शी प्रांतातला प्रयोग तर विलक्षणच म्हणावा लागेल. एक अपत्य धोरण शिथिल झाल्यावर कुटुंब नियोजन विभागाच्या कर्मचाऱ्यांपुढे काम उरले नव्हते. त्यांनाच बालसंगोपनाचे प्रशिक्षण देऊन घरोघरी पाठवण्यात आले. ज्या पावलांची कालपर्यंत धास्ती होती, तीच आज खेळणी घेऊन दारात उभी राहिली. मुलांच्या विकासात वाढ दिसली, पण भेटी सर्व घरी सारख्या झाल्या नाहीत.

आपल्याला सर्वांत जवळचे प्रयोग ओडिशातले. कटक शहरातील ५४ झोपडपट्ट्यांत ४२१ बालकांवर ‘प्रथम’ संस्थेच्या साहाय्याने १८ महिने घरभेटींचा प्रयोग झाला, परिणाम ०.३६ इतका मिळाला. त्यानंतर राज्याच्या १९२ गावांत व्यापक अभ्यास झाला. त्यात काही गावांत घरभेटी, काही गावांत मातांच्या छोट्या गटांच्या बैठका आणि काही ठिकाणी केवळ आहारविषयक मार्गदर्शन अशी विभागणी होती. दोन वर्षांनंतर घरभेट आणि गटबैठक यांचे परिणाम जवळपास सारखे, ०.३ च्या घरात निघाले. गटबैठकीचा खर्च मात्र घरभेटीच्या एक-तृतीयांशाहूनही कमी होता. विस्ताराचा विचार करणाऱ्यांसाठी या निष्कर्षाचे मोल फार मोठे आहे. घरभेटीत एका कार्यकर्तीचे हात आठवड्याला मोजक्याच घरांपर्यंत पोहोचतात. गटात माता एकमेकींचे पाहून शिकतात, आणि सासरच्या उंबऱ्याबाहेर पडण्याचे एक सन्माननीय निमित्तही त्यांना मिळते. अर्थात जी आई कामावरून सुट्टी घेऊ शकत नाही, ती बैठकीला येत नाही; तिच्यासाठी घरभेटच हवी.

पिशवी उचलायची कोणी?

भारतात या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असते: अंगणवाडी सेविका. देशात जवळपास १४ लाख अंगणवाड्या आहेत आणि एवढे विस्तीर्ण जाळे जगात अन्यत्र मिळणे कठीण. पण या सेविकेच्या खांद्यावर आधीच पूरक आहार, पूर्वप्राथमिक शिक्षण, आरोग्य शिक्षण, लसीकरण, तपासणी आणि संदर्भ सेवा अशा सहा सेवा आहेत. त्यात २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’वरील नोंदींची भर पडली. तिला मिळते त्याला आजही वेतन न म्हणता मानधन म्हणतात. केंद्राने ठरवलेली रक्कम ऑक्टोबर २०१८ मध्ये दरमहा साडेचार हजार रुपये झाली, राज्ये त्यात आपापली भर घालतात. अशा बाईला आणखी एक पुस्तिका आणि आणखी एक रकाना दिला, तर भेट घडेल ती रकान्यापुरती.

तामिळनाडूतील एक अभ्यास येथे मार्गदर्शक ठरतो. तेथे ६४० अंगणवाड्यांपैकी सोडतीने निवडलेल्या काही केंद्रांत केवळ पूर्वप्राथमिक शिक्षणासाठी अर्धवेळ जादा सेविका नेमण्यात आली. शिकवण्याचा वेळ दुपटीवर गेला आणि मुलांच्या गणित व भाषेच्या चाचण्यांत ठळक सुधारणा दिसली. जुन्या सेविकेलाही आहार-आरोग्याच्या कामाला उसंत मिळाल्याने कुपोषण घटले. हा अभ्यास तीन वर्षांवरील मुलांचा होता. तरी आधी हात वाढवावेत, मग काम वाढवावे, हा त्याचा बोध तीन वर्षांखालील मुलांनाही लागू पडतो.

दुसरी अडचण देखरेखीची. किंग्स्टनमध्ये साहाय्यिकेबरोबर जाणारी, तिचे ऐकणारी, चुकले तर जागीच दुरुस्त करणारी जाणती स्त्री होती. आपल्या योजनेत एका पर्यवेक्षिकेकडे साधारण २५ अंगणवाड्या येतात, आणि तिची फेरी बहुधा नोंदवह्या तपासण्यातच संपते.

मराठी मुलखाकडे या बाबतीत सांगण्यासारखे पुष्कळ आहे. ‘अंगणवाडी’ हा शब्दच ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कार्यातून रुजला. १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांच्या अंगणातच शाळा नेली. शिंपले, बिया, पाने हीच तेथील खेळणी. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची घरी जाऊन काळजी घेण्यास शिकवले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. २०११ पासून ‘आशा’ कार्यकर्त्यांच्या मार्फत ही पद्धत देशभर पोहोचली आणि २०१८ मध्ये तिला जोडून बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या व पंधराव्या महिन्यातील घरभेटी आल्या. म्हणजे दार उघडलेले आहे. पाच भेटींत वजन, लस आणि वरचा आहार उरकून खेळण्या-बोलण्याला किती मिनिटे उरतात, हे पाहावे लागेल.

केंद्राने मार्च २०२४ मध्ये ‘नवचेतना’ हा तीन वर्षांखालील बालकांसाठीचा आराखडा जाहीर केला. त्यात ३६ महिन्यांच्या दिनदर्शिकेत वयानुसार १४० कृती दिल्या आहेत. कृती चांगल्या आहेत, घरातल्या वाटी-चमच्यांनी करता येण्याजोग्या आहेत. पण सेविकेचा वेळ आणि तिच्यासोबत चालणारी जाणती पर्यवेक्षिका यांची तरतूद दिनदर्शिकेत करता येत नाही. ती राज्याच्या अर्थसंकल्पात करावी लागते.

गोव्यासारख्या लहान राज्याला हे तुलनेने सोपे जावे. येथे अंगणवाड्या बाराशेच्या वर आहेत, अंतरे कमी आहेत आणि गटबैठकांचा ओडिशातला प्रयोग एखाद्या तालुक्यात करून पाहणे आवाक्यातले आहे. खरी कसोटी भाषेची लागेल. ‘रीच अप’ जेथे जेथे गेला, तेथे गाणी, चित्रे आणि खेळणी त्या त्या मुलखाची घेण्यात आली, कारण बाळाशी बोलायचे ते घरच्याच भाषेत. बेळगावच्या मराठी घरात कन्नड पुस्तिका घेऊन गेलेली सेविका आणि वास्को वा म्हापशाच्या मजूर वस्तीतील कन्नड घरात कोकणी-मराठी पुस्तिका घेऊन गेलेली सेविका, दोघींपुढची अडचण एकच. कोकणी, मराठी, कन्नड आणि हिंदी अशा चारही भाषांतील बडबडगीतांचा एक संच तयार करण्यास फारसा पैसा लागणार नाही, आणि त्यासाठी दिल्लीच्या आदेशाची वाट पाहण्याचेही कारण नाही.