‘पोर्तुगीज घर’ नावाचा गैरसमज आणि तोर्ड्याचे संग्रहालय
१/ गोव्यातील रंगीत घर दिसले की पर्यटक त्याला सरसकट ‘पोर्तुगीज घर’ म्हणतात. बार्देश तालुक्यातील तोर्डा येथील एक संग्रहालय या दोन शब्दांवरच आक्षेप घेते. त्याचे नाव ‘हाउसेस ऑफ गोवा’. कर्ते वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा. (धागा)

२/ पर्वरीजवळ, रस्त्यांच्या बेचक्यातील त्रिकोणी जागेत ही इमारत उभी आहे. जागा निमुळती, म्हणून इमारतही निमुळती. दुरून ती नाळ पुढे काढलेल्या गलबतासारखी भासते. कुन्हा दिल्लीत शिकले आणि लॉरी बेकर यांच्या हाताखाली घडले. बंगळूरजवळचे ‘नृत्यग्राम’ त्यांचेच.

३/ चाकोरीबाहेरच्या वास्तुकाराचे संग्रहालय म्हटले की व्हिएन्ना आठवते. सरळ रेषेचा वैरी असलेल्या हुंडर्टवासरचे (१९२८–२०००) ‘कुन्स्टहाउस’ तेथे १९९१ मध्ये उघडले. तेथे भिंतीही त्याच्या आणि चित्रेही त्याचीच. तोर्ड्यात इमारत कुन्हांची, पण मान मिळतो तो अनाम गवंड्यांना व सुतारांना.

४/ आत जुनी दारे, खिडक्या, लाद्या, आराखडे व छायाचित्रे आहेत. जुन्या गोव्यात काच दुर्मीळ होती. शिंपल्यांचे पातळ, अर्धपारदर्शक तुकडे लाकडी पट्ट्यांत बसवून तावदाने करीत. ऊन गाळून आत येई. पावसाचा मारा बाहेर राही.

५/ रंगालाही कारण होते. जांभा दगड सच्छिद्र असतो. त्याला चुन्याचा गिलावा लागतो आणि पावसाळा सरला की नवा हात द्यावा लागतो. त्या चुन्यात गेरू, पिवळी माती किंवा नीळ मिसळली जाई. पांढरा रंग चर्चसाठी राखीव होता, असे गोव्यात आजही सांगतात.

६/ दर्शनी पायऱ्या, दोहों बाजूंस बसायला बाक, वर छप्पर : हा ‘बाल्कांव’. येथे बसून घर रस्त्याशी बोलते. हिंदू घर मात्र अंतर्मुख : मध्यभागी राजांगण, त्यात तुळशीवृंदावन. धर्मांतरित कुटुंबांच्या अनेक मोठ्या वाड्यांत दर्शनी भाग बदलला, पण आतले अंगण टिकले.

७/ छपराची गोष्ट आणखी वेगळी. ‘मंगळुरी’ कौलांचा कारखाना १८६५ मध्ये बासेल मिशनच्या जर्मन धर्मप्रसारकांनी मंगळुरात काढला. म्हणजे दगड कोकणचा, कौल कानडी किनाऱ्याचे, तंत्र जर्मन, अंगण पूर्वापार. यात ‘पोर्तुगीज’ नेमके किती?

८/ पोर्तुगीज सत्ता १५१० ते १९६१ होती आणि तिचा ठसा खिडक्यांच्या कमानींवर आहेच. पण ही घरे बांधवून घेणारे गोमंतकीय होते आणि बांधणारेही. राज्य कोणाचे होते यावरून घर कोणाचे हे ठरवले, तर कारागीर इतिहासातून दुसऱ्यांदा पुसला जातो.

९/ एक गोष्ट मात्र निखालस पोर्तुगीज : १८६७ च्या नागरी संहितेतून आलेला वारसाहक्क. त्यात मुलगा-मुलगी समान वारस. न्याय्यच, पण चार पिढ्यांत एका घराला डझनावारी मालक होतात, त्यांतले अनेक परदेशी. दुरुस्तीवर एकमत होत नाही. छप्पर कोणाची वाट पाहत नाही.

१०/ म्हणून संग्रहालयातले सुटे दार पाहताना आनंदाला खंतेची किनार असते. दार वाचते, उंबरठा, ओटा, शेजार वाचत नाही.

११/ हा प्रश्न गोव्यापुरता नाही. चिमूर परिसरात कवेलूंची, मातीच्या भिंतींची, सपरी असलेली घरे स्लॅब आणि टिनांना जागा देत आहेत. पक्के घर हा राहणाऱ्यांचा हक्कच आहे. गरिबाने आपल्या आठवणींसाठी गळक्या छपराखाली राहावे, असे कोणी म्हणू नये. मात्र पाडण्याआधी नोंद करता येते.

१२/ त्यासाठी लागते ती मोजपट्टी, फोन आणि घरातली एखादी आजी. खोल्यांची मापे, मातीचा रंग, खांबाचे लाकूड, प्रत्येक भागाचे बोलीतले नाव आणि गवंड्याचे नाव. शेवटचे सर्वांत आधी विसरले जाते. म्हणून ते सर्वांत आधी लिहावे.