निमो, लूक पंधरा आणि वेल्ह्याचा एसटी स्टँड

आजचा एपिसोड इतिहासाचाच आहे, पण सुरुवात एका माशापासून करतो.

गेल्या महिन्यात भोरला घरी गेलो होतो. सोबत माझा रूममेट होता, अहिल्यानगरकडचा, मराठी ख्रिस्ती घरातला. ताईच्या मुलाने हट्ट करून लॅपटॉपवर 'फाइंडिंग निमो' लावायला लावला. २००३ चा सिनेमा, पिक्सारचा. बायको आणि सगळी अंडी गमावलेला मार्लिन उरलेल्या एका पिल्लाला जिवापाड जपतो. पोरगं चिडून, बापाचं न ऐकता बोटीपर्यंत पोहत जातं आणि पकडलं जातं. मग हा भित्रा बाप अख्खा समुद्र तुडवत सिडनीपर्यंत जातो.

सिनेमा संपला तसा रूममेट म्हणाला, "अरे, हा तर लूकचा पंधरावा अध्याय!"

मी म्हटलं, "तुम्हाला काय, माशातही बायबल दिसतं!"

त्याने मग नीट सांगितलं. त्या अध्यायात येशू एकामागून एक तीन दाखले देतो. शंभरातलं एक मेंढरू हरवतं आणि मेंढपाळ नव्व्याण्णव सोडून त्याच्यामागे जातो. एका बाईचं नाणं हरवतं, ती दिवा लावून घर झाडते. आणि तिसरा उधळ्या पुत्राचा. वाटणी घेऊन गेलेला, सगळं उडवून परतलेला धाकटा मुलगा आणि त्याला लांबूनच पाहून धावत सुटलेला बाप.

मी चेष्टा केली खरी, पण नंतर आठवलं की आपला सिनेमाच मुळी अशा बघण्यातून जन्मला. फक्त उलट्या दिशेने. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत त्र्यंबकेश्वरचा एक माणूस ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट बघत बसला होता. धुंडिराज गोविंद फाळके. पडद्यावर येशू, आणि यांच्या डोळ्यांपुढे राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या! हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय. दुसऱ्यांदा बघायला जाताना पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन गेले. ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. (आणि हो, काड्यापेटीतल्या काड्या पडद्यावर नाचवणारा छोटा ॲनिमेशनपटही फाळक्यांनीच केला होता. हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नाही.)

त्याच्याही तीनशे वर्षं आधी, १६१६ मध्ये, गोव्यात रायतूरला फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं. जवळपास अकरा हजार ओव्या, सगळ्या मराठीत. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं सुटली होती, कानांना ओवीची सवय मात्र तशीच होती. स्टीफन्सने त्याच सवयीवर भिस्त ठेवली. त्याच्या पुराणात स्वर्गालाही वैकुंठ म्हटलंय.

म्हणजे माझा रूममेट काही वेगळं करत नव्हता. पण मला एक खटकलं, ते मी त्याला बोललो. दाखल्यातला बाप चुकत नाही. मार्लिन चुकतो. शेवटी डोरी मासेमारीच्या जाळ्यात अडकते, निमो तिला सोडवायला आत जातो म्हणतो, आणि तिथे मार्लिनला त्याला जाऊ द्यावं लागतं. शोधून आणण्यापेक्षा हे अवघड. रूममेट जरा थांबला आणि म्हणाला, "बरोबर आहे. दाखला तंतोतंत जुळवायला गेलं की मोडतो."

खरं सांगायचं तर मला तेव्हा पप्पा दिसत होते.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, जुलैमध्ये, घरी "सबमिशन आहे" असं सांगून मी मित्रांबरोबर तोरण्याला गेलो. लहानपणी पप्पा मला नीरेच्या पाण्याजवळसुद्धा फिरकू द्यायचे नाहीत, त्यामुळे विचारण्यात अर्थच नव्हता. धुक्यात वाट चुकलो, फोनला रेंज नाही. वेल्ह्यात उतरलो तेव्हा अंधार पडला होता. स्टँडवर पत्र्याखाली पप्पा बसलेले, छत्री आणि बॅटरी घेऊन. मित्राच्या आईकडून कळलं म्हणून भोरहून चेलाडी फाटा, तिथून नसरापूरमार्गे वेल्हे, असे एसट्या बदलत आलेले. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. ते एवढंच म्हणाले, "मोजे ओले असतील. काढ."

पुढच्या पावसाळ्यात मी राजगडाला निघालो, विचारून. त्यांनी ती बॅटरी माझ्या बॅगेत टाकली. पण रात्रभर झोपले नाहीत, हे आईने नंतर सांगितलं.

तोरण्याच्या त्या रात्री घरी पोचलो तर माझ्यासाठी शिरा तयार होता. ताई मात्र तोंड फुगवून बसली होती. "मी रोज वेळेवर घरी येते, माझ्यासाठी कधी केला शिरा?"

हे ऐकून रूममेट उडालाच. दाखल्यात मोठा भाऊ अगदी हेच विचारतो! धाकट्यासाठी मेजवानी चाललेली, आणि हा बाहेर अंगणात रुसून उभा. बाप त्याचीही समजूत काढायला बाहेर येतो. तो शेवटी आत गेला की नाही, हे लूक सांगतच नाही.

मी स्वयंपाकघरात जाऊन ताईला विचारलं, तुझा राग गेला का गं तेव्हा?

"राग कसला," ती म्हणाली. "आई देवापुढे बसली होती रडत. तो शिरा मीच हलवला होता."