बेळगावची गिटार : मिरजेचं हाड, उद्यमबागेचं पितळ

आपल्या जुन्या घरांतल्या पेटी-तंबोऱ्यांवर इथं बरंच लिहून झालंय. आज जरा वेगळ्या वाद्याबद्दल लिहितो.

1971 साली ‘हरे रामा हरे कृष्णा’ आला. त्यातली भूपिंदर सिंग यांची इलेक्ट्रिक गिटार ऐकली आणि गणपतीतल्या आर्केस्ट्रांना ती पाहिजेच झाली. पण आणायची कुठून? आयातीवर परवाने, वर जबर जकात. नवं परदेशी वाद्य नोकरदाराच्या आवाक्यात नव्हतं. राहिली जुनी. बेळगावला त्यासाठी गोवा जवळ. तिथले वादक बोटींवरच्या बँडमध्ये वाजवायचे आणि परतताना वाद्यं घेऊन यायचे. आमच्या थोरल्या काकांनी सत्तरीच्या मध्यात मडगावात अशीच एक जपानी गिटार घेतली. डोक्यावरचा बिल्ला उडालेला, किंमत दोन पगार.

काका घेताना बघून घ्यायचे. गिटारीची मान डोळ्यासमोर धरून बंदुकीसारखा नेम लावायचा, म्हणजे बाक कळतो. मग बाराव्या पट्टीवर तार दाबून छेडायची. ती पट्टी तारेच्या बरोबर मध्यावर असते, त्यामुळे मोकळ्या तारेचाच सूर वरच्या सप्तकात यायला हवा. या गिटारीत तो चढा यायचा. म्हणजे घोडी जागेवर नाही. भाव तिथंच उतरला.

घोडीचं काम झालं उद्यमबागेत. बेळगाव म्हणजे फौंड्रींचं गाव. काकांच्या मित्रानं लेथवर पितळेचे सहा तुकडे काढून दिले, प्रत्येक तार पुढं-मागं सरकवता येईल असे. पुढं एकदा वाचनात आलं की 1932 साली अमेरिकेत विक्रीला आलेली जॉर्ज बोशॅम्प यांची पहिली इलेक्ट्रिक गिटार ॲल्युमिनियमची होती. मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार, आकारामुळं तिचं नावच ‘फ्राइंग पॅन’ पडलं. स्टेजच्या दिव्यांनी धातू तापला की ती बेसूर व्हायची. काकांना सांगितलं तर हसले, “आमच्याकडं दाखवायचं होतं की!”

मानेवरची प्लॅस्टिकची पट्टी झिजून तारा झणझणत होत्या. त्यासाठी काका रेल्वेनं मिरजेला गेले. हत्यारं घडवणाऱ्या, धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तिथं तंतुवाद्यं करायला सुरुवात केली. 2024 साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथल्या एका कारागिरानं सतारीसाठी वापरतात तसल्या हाडाची पट्टी तासून बसवली, कानस लावत, ऐकत, परत कानस लावत.

तारांचीही सोय तिथंच झाली. गिटारीच्या पिकअपमध्ये चुंबकाभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वर पोलादी तार थरथरली की वेढ्यांत बारीक वीज तयार होते. तार पोलादीच लागते, आणि सतारीची बाजाची तार पोलादीच. तुटलेल्या तारेच्या टोकाचं पितळी मणी काढून काका त्यात सतारीची तार पिळून घालायचे. खरखरणारं आवाजाचं बटण रेडिओवाल्यानं बदललं. अँप्लिफायर म्हणजे घरचा व्हॉल्व्हचा रेडिओ. त्याच्या मागं ग्रामोफोनसाठी पिकअपचं भोक असायचं, त्यात वायर खुपसायची. त्याच गिटारीवर मराठी, हिंदी, कन्नड, तिन्ही भाषांतली गाणी वाजली. बाहेर सीमाप्रश्न तापलेला असायचा तेव्हाही.

काका गेले. गेल्या वर्षी पुतण्यानं बंगळूरच्या एका विक्रेत्याला फोटो पाठवले. तो म्हणाला, सगळं मूळचं असतं तर चांगली रक्कम आली असती. हाड आणि पितळ काढा, त्या काळचे सुटे भाग मिळवून बसवा, मग बघू. बाजाराचा हिशोब तसाच आहे. जुन्या गिटारीत कारखान्यातला डागसुद्धा हललेला नसावा लागतो. पण त्याला अपवादही मोठा. एरिक क्लॅप्टननं 1970 साली अमेरिकेत जुन्या गिटारी घेतल्या आणि तिघींचे भाग जोडून ‘ब्लॅकी’ केली. 2004 साली ती लिलावात 9,59,500 डॉलरला गेली. जोडणारा कोण, यावर किंमत ठरली.

आमचे काका क्लॅप्टन नव्हते. पुतण्याला पैशांची नड होती, त्यामुळं घरात दोन दिवस धुसफूस चालली. शेवटी काकू म्हणाल्या, “ते हाड काढलंत तर वाद्य जपानचं राहील, आपलं न्हवं.” नडीची सोय आम्ही भावंडांनी मिळून केली. गिटार घरातच आहे.

तुमच्याकडं असं वाद्य असेल तर दोन गोष्टी करा. काढलेले जुने भाग टाकू नका, पुडीत बांधून पेटीतच ठेवा. आणि कुणी, कुठं, कशासाठी काय बदललं ते एका कागदावर लिहून ठेवा. आमच्या गिटारीच्या पेटीत आता असा कागद आहे. त्यावर मिरजेच्या त्या कारागिराचं नाव मात्र कोरं राहिलंय. काकूंनाही ते आठवत नाही.