अर्धवेळ समन्वयिका : एका कामाचा इतिहास

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत पाककृती येतात, देवस्थानांची माहिती येते, आरोग्यावरचे लेख येतात. यंदा संपादिकाबाईंनी मला इतिहासावर काहीतरी लिहावयास सांगितले. इतिहास म्हटला की गड, किल्ले आणि लढाया डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु मुलांचे करता करता बायकांनी जे घडविले, तोही इतिहासच होय. त्यातले एक प्रकरण भगिनींपुढे ठेवते.

हल्ली एका नव्या नोकरीचे नाव कानावर येते. दिव्यांग मुलांच्या कुटुंबांना साहाय्य करणाऱ्या संस्था 'अर्धवेळ समन्वयिका पाहिजे' अशी जाहिरात देतात. मंडळातल्या एकदोघींनी मला विचारले, "अहो, ही समन्वयिका करते तरी काय?"

ज्या घरात मूल बौद्धिक दृष्ट्या मागे असते, स्वमग्न असते किंवा सेरेब्रल पाल्सीमुळे त्याचे हातपाय ऐकत नाहीत, त्या घरातल्या आईला डॉक्टर एक सांगतात, शाळा दुसरे सांगते आणि सरकारी कचेरी तिसराच कागद मागते. या सर्वांची आणि घराची सांगड घालून देणारी बाई ती समन्वयिका. औषध देणे तिचे काम नव्हे, शिकविणेही नव्हे. वाट दाखवावयाची, गरज पडली तर बरोबर जावयाचे आणि आईचे ऐकून घ्यावयाचे, हे तिचे काम. दिसावयास हे सोपे दिसते, म्हणूनच त्याची किंमत करावयास जग चुकते.

हे काम मुळीच नवे नाही. नवे आहे ते त्याचे नाव आणि त्याला मिळू लागलेला थोडाबहुत पगार. कामाचा उगम पाहू गेले, तर तो बहुतेक वेळा एखाद्या आईपाशीच सापडतो.

मुंबईत जय वकील आणि त्यांचे पती होरमसजी यांच्या मुलीला जन्मतः डाऊन सिंड्रोम होता. तिच्याजोगी शाळा कोठेच नव्हती. तेव्हा १९४४ साली त्यांनी स्वतःच अशा मुलांसाठी शाळा सुरू केली. ती आजही त्यांच्या नावाने चालू आहे. १९४७ साली मुंबईतच फातिमा इस्माईल यांनी पोलिओ झालेल्या मुलांसाठी उपचारकेंद्र काढले. त्यांच्या स्वतःच्या मुलीला पोलिओ झाला होता. पुढे १९५८ साली सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.

आपल्या पुण्यात १९६४ साली कामायनी ही मतिमंद मुलांची संस्था निघाली. गोखलेनगरात ती आजही आहे. मतिमंद हा शब्द आता मागे पडला आहे, पण त्या काळी तोच सभ्य शब्द समजला जाई. त्याच्याही आधी लोक सरळ 'वेडा' म्हणून मोकळे होत.

मिठू अलूर यांची कन्या मालिनी हिला सेरेब्रल पाल्सी होती. येथे वाट सापडेना, म्हणून मुलीला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या आणि तेथे अशा मुलांना शिकविण्याचे शिक्षण घेऊन परतल्या. १९७२ साली त्यांनी मुंबईत कुलाब्याला स्पॅस्टिक्स सोसायटीचे पहिले केंद्र काढले. अभिनेत्री नर्गिस दत्त यांनी त्या कामाला मोठा आधार दिला. जिला कोणी शाळेत घेत नव्हते, ती मालिनी पुढे पदवीधर झाली आणि तिने स्वतःची जीवनकथाही लिहिली. नाशिकच्या रजनी लिमये या पेशाने शिक्षिका. दुसऱ्यांची मुले शिकविणाऱ्या या बाईंच्या स्वतःच्या मुलाला, गौतमला, मात्र योग्य शाळा नव्हती. १९७७ साली त्यांनी नाशकात प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले.

यातल्या प्रत्येक आईने आधी स्वतःच्या मुलापुरता मार्ग शोधला आणि मग त्या मार्गावर दुसऱ्यांच्या मुलांनाही घेतले. शाळा निघाली की मुलाला सोडावयास आई येते. मूल आत जाते आणि आई बाहेर ओट्यावर बसते. शेजारी दुसरी आई बसलेली असते. "तुमचा किती वर्षांचा? झोपतो का रात्री?" अशी बोलणी सुरू होतात. जी चार वर्षे आधी या वाटेला लागली, ती नवीला सांगते, की अमक्या दवाखान्यात सकाळी लवकर जा, तमका कागद आधी काढून ठेव, नणंद काही बोलली तर मनावर घेऊ नकोस. माझ्या मते समन्वयिकेचे काम जन्मले ते या ओट्यावर. त्याला ना पगार होता, ना हजेरीपट.

परदेशातही हे असेच घडले. इंग्लंडमध्ये जूडी फ्रायड या बाईंची मुलगी अशीच होती. १९४६ साली त्यांनी मुलांच्या संगोपनावरील एका मासिकाला पत्र लिहिले, की माझ्यासारख्या आणखी कोणी आया असतील तर मला कळवा. ठिकठिकाणांहून उत्तरे आली आणि त्यातून पालकांची एक संघटना उभी राहिली. आज ती 'मेनकॅप' या नावाने त्या देशात मोठे काम करते. अमेरिकेत ओमाहा नावाच्या शहरी १९७१ साली एक निराळी योजना निघाली. ज्या आईबापांनी हे दुःख पचविले आहे त्यांना थोडे शिक्षण द्यावयाचे आणि नुकतेच ज्यांना आपल्या मुलाविषयी कळले आहे त्यांच्या भेटीस पाठवावयाचे. ओट्यावरचे बोलणे तेथे पद्धतशीर झाले.

आपल्याकडे या कामाला पद्धत आली ती कायद्यांमुळे. १९८१ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने अपंगांचे वर्ष म्हणून पाळले. १९९५ साली संसदेने अपंगांच्या हक्कांचा कायदा केला, पण त्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते आणि स्वमग्नतेचे नाव नव्हते. १९९९ साली राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला. त्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांची विशेष सोय केली गेली. २०१६ च्या कायद्याने तर सातांचे एकवीस प्रकार झाले. २०२२ च्या डिसेंबरात महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी वेगळा विभाग स्थापिला.

कायदे चांगले झाले, यात शंका नाही. परंतु प्रत्येक कायदा आपल्याबरोबर एक फॉर्म घेऊन येतो. दिव्यांगत्वाचा दाखला आणि ओळखपत्र काढावयाचे, तर अर्ज संगणकावर भरावयाचा आणि मुलाला तपासणीसाठी औंधच्या जिल्हा रुग्णालयात किंवा ससूनला न्यावयाचे. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' नावाची आरोग्यविमा योजना आहे, तीत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो आणि आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही. पण पुष्कळ आयांना तिचे नावही ठाऊक नसते. मूल १८ वर्षांचे झाले की कायद्याने ते सज्ञान होते. मग न्यासाच्या कायद्यात बसणाऱ्या मुलासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडून पालकत्वाचा कागद घेता येतो. तो नसला तर बँकेत आणि मिळकतीच्या व्यवहारात अडचण उभी राहते. हे सारे एकट्या आईने, तेही अशा मुलाला कडेवर किंवा हाताशी घेऊन कसे करावे? येथे समन्वयिकेची जागा निर्माण झाली.

आता आपल्या हिंजवडीकडे वळते. मुळशी तालुक्यातले हे शेतकऱ्यांचे गाव. म्हातोबाचे बगाड आजही येथून वाकडला जाते. परंतु शेते जाऊन कंपन्या आल्या आणि कंपन्यांमागोमाग उंच इमारती आल्या. जुन्या गावात असे मूल असले तर सासू, जाऊ, शेजारीण असे चार हात घरात असत. हे खरे असले तरी जुने दिवस सगळेच चांगले होते असे मी म्हणणार नाही. बहिणीचे लग्न अडेल म्हणून असे मूल पाहुण्यांपुढे आणीत नसत, हेही आपण पाहिले आहे.

नव्या इमारतींत लपविणारे कोणी नाही, तसे सांभाळणारेही कोणी नाही. नागपूर, लातूर किंवा थेट परप्रांतातून आलेले जोडपे, आणि बाराव्या मजल्यावर दार लावून मुलाबरोबर बसलेली आई. तिची कंपनीतली नोकरी तिने मुलासाठी सोडलेली असते. अशी एक बाई आपल्या हळदीकुंकवाला बोलावूनही आली नाही. कारण विचारले तेव्हा म्हणाली, "तो मध्येच ओरडतो, मावशी. लोक बघतात." शिकलेली, मोठ्या पगारावर काम केलेली बाई, पण तिला ओट्यावर शेजारी बसणारी दुसरी आई मिळाली नव्हती.

सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या एप्रिलात हाच प्रश्न वेगळ्या बाजूने पाहिला. हिमाचल प्रदेशातल्या एका सरकारी महाविद्यालयातील प्राध्यापिकेला तिच्या दिव्यांग मुलाच्या संगोपनासाठी रजा नाकारली गेली होती. न्यायालयाने सांगितले की, अशा आईला रजा नाकारणे म्हणजे तिला नोकरी सोडावयास भाग पाडणे, आणि स्त्रियांना कामाच्या क्षेत्रात टिकवून ठेवणे हे राज्याचे घटनेने ठरविलेले कर्तव्य आहे. सरकारी नोकरीतल्या बाईची ही गोष्ट. जिला नोकरीच नाही किंवा जी सोडून बसली आहे, तिच्यासाठी अर्ध्या दिवसाचे काम हेच दार उरते. मूल शाळेत किंवा उपचाराला असते तेवढ्या वेळात करता येईल असे काम, आणि तेही जे तिला अनुभवाने येतेच आहे असे. म्हणून मी या नोकरीचे स्वागत करते.

परंतु या दाराला एक उंबरठाही आहे, त्याला ठेच लागू नये म्हणून सांगते. माझ्या ओळखीच्या एक बाई असे काम करीत. संस्थेचे नाव घेण्याचे कारण नाही. पगार चार तासांचा, सकाळी दहा ते दुपारी दोन. पण आयांना बोलावयास सवड मिळते ती रात्री, मूल झोपल्यावर. तेव्हा फोन रात्रीचे. रुग्णालयात बरोबर जावयाचे तर रिक्षाचे भाडे पदरचे. वर्ष संपले, निधी संपला आणि जागाही संपली. त्यांच्या यादीतल्या आया मात्र पुढेही त्यांनाच फोन करीत राहिल्या आणि या बाई उचलीत राहिल्या.

निधीची गोष्टही समजून घेतली पाहिजे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना आपल्या सरासरी नफ्याचे शेकडा २ समाजकार्यावर खर्च करावे लागतात. अशा संस्थांना त्यातून पैसा मिळू लागला आणि या जागा वाढल्या, हे चांगलेच झाले. परंतु तो पैसा पुष्कळदा वर्षावर्षाच्या प्रकल्पापुरता असतो. मूल काही वर्षभरात मोठे होत नाही आणि आईचा विश्वास तर त्याहून सावकाश बसतो.

बायकांच्या कामाला 'मानधन' म्हणावयाचे आणि वेतन द्यावयाचे नाही, ही रीत आपल्या ओळखीची आहे. १९७५ साली अंगणवाड्यांची योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. तेव्हापासून सेविका 'मानसेवी' ठरल्या. २००५ नंतर आशाताई आल्या, त्यांना कामागणिक मोबदला. अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले. म्हणजे सत्तेचाळीस वर्षे लागली. समन्वयिकांच्या बाबतीत इतकी वर्षे लागू नयेत.

कोणी म्हणेल, हे शिकलेल्या बायकांचे काम, आपल्याला काय त्याचे? मी स्वतः सातवीपर्यंत शिकले. फॉर्म संगणकावर भरावयास मलाही मुलाची मदत लागते. परंतु मुंबईत डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी २००१ साली स्थापिलेल्या 'उम्मीद' या संस्थेत डॉक्टरांबरोबरच वस्तीत काम करणाऱ्या बायकांना आणि पालकांनाही या कामाचे शिक्षण देतात. म्हणजे हे काम शिकता येते. धीराने ऐकणे आणि एकदा दिलेला शब्द पाळणे ज्यांना जमते, त्यांना बाकीचे शिकविता येते.

तेव्हा भगिनींनो, माझे सांगणे दोन गोष्टींपुरते आहे. आपल्यापैकी कोणी अशा जागेसाठी अर्ज केला, तर चार प्रश्न निःसंकोच विचारावेत. तास किती? रात्रीचे फोन त्यात धरले आहेत काय? जाण्यायेण्याचा खर्च कोणाचा? आणि निधी संपला तर आयांच्या यादीचे काय होणार? हे विचारण्यात लाज मुळीच नाही. सेवा आणि पगार यांचे वैर नाही. पोटाला मिळाले तरच सेवा पुढच्या वर्षीही चालू राहते.

दुसरी गोष्ट मंडळाची. आपली खोली गुरुवारी दुपारी रिकामी असते. ते दोन तास अशा आयांसाठी मुलांसकट उघडे ठेवावेत. मूल ओरडले तर ओरडू द्यावे, कोणी वळून बघू नये. चहा मंडळाचा. आणि ज्या भगिनीवर या दोन तासांची जबाबदारी टाकू, तिला वर्गणीतून दरमहा काही ठराविक रक्कम द्यावी आणि जमाखर्चाच्या वहीत ती 'मानधन' म्हणून न लिहिता 'पगार' म्हणून लिहावी. येत्या सर्वसाधारण सभेत मी हा ठराव मांडणार आहे. सर्व भगिनींनी त्यावर आधी घरी विचार करून यावे, ही विनंती.