पाचटाचा धूर आणि पाचटाचा गॅस

उसाची तोड झाली की पाचटाला काडी लावायची आपल्याला भारी घाई. एका रात्रीत रान काळं होतं. त्या जाळात काय काय जातं, हे समजायला थोडा मागचा इतिहास पाहू.

लोणारी कोळशाची भट्टी कशी लावत, ते जुन्या माणसांना ठाऊक आहे. लाकडे रचून वर माती लिंपायची आणि हवा जेमतेमच जाऊ द्यायची. मग लाकडाची राख न होता कोळसा होतो. पण त्यातून निघणारा जळाऊ वायू धुराबरोबर वाया जातो. हा वायू धरून इंजिनाला देण्याचे यंत्र फ्रान्समध्ये जॉर्ज इम्बेर यांनी १९२० नंतरच्या दशकात बनवले. दुसऱ्या महायुद्धात (१९३९–४५) पेट्रोल मिळेना, तेव्हा युरोपात लाखो गाड्या अशा वायूवर धावल्या. आपल्याकडेही एस.टी. येण्यापूर्वी, म्हणजे १९४८ च्या आधी, कोळशाच्या गॅसवर मोटारी चालत. पंखा फिरवून निखारा फुलवायचा, मग गाडी हलायची. चढावर मात्र दम टाकायची, कारण त्या वायूत निम्मा भाग न जळणारा नायट्रोजन! पुढे पेट्रोल मिळू लागले अन् ती पिंपे भंगारात गेली.

पाचटाचे घोडे वेगळ्याच ठिकाणी अडले. लाकडाचे तुकडे आपल्या वजनाने खाली सरकतात; पाचट हलके, फुगीर, ते अडकून बसते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने पाचट, चिपाडे, बाजरीचे सरमाड चालेल अशी भट्टी बांधली, ७०० तासांवर चालवून पाहिली आणि १९९७ साली तिचे आकडे प्रसिद्ध केले. उष्णता तर मिळालीच, शिवाय शंभर किलो काडीकचऱ्यामागे सुमारे २४ किलो कोळसा हाती आला. त्याच्या कांड्या करून चुलीत घाला, नाहीतर चुरा शेणखतात मिसळून रानात टाका. हा कोळसा मातीत वर्षानुवर्षे टिकतो.

मात्र परसात पिंप कापून हा उद्योग कोणी करू नये. त्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, आणि बंद खोलीत तो माणूस मारतो. शिवाय पाचट गोळा करायची मजुरी एकट्याला झेपणारी नाही; गुऱ्हाळवाल्यांनी किंवा सोसायटीने मिळून हिशेब मांडावा. तोवर काडी लावू नका. पाचट सरीत पसरा आणि खोडव्याला पाणी सोडा.