ब्रेकमधली वाटी

नागपूर-हैदराबाद रस्त्यावर, आदिलाबादच्या आसपास, कापसाने लादलेली गाडी कधी मधूनच गॅरेजला लागते. पॅडल दाबून धरलं की हळूहळू खाली बसतं आणि बाहेर तर तेलाचा थेंब नाही. मिस्त्री मास्टर सिलिंडर खोलतो, पिस्टन काढतो, त्यावरच्या काळ्या रबरी वाटीची कड नखाने चाचपतो. कड झिजलेली असते. तेल आतल्या आत मागे सटकत असतं.

या वाटीचं कूळ कातड्याचं. 1795 मध्ये लंडनच्या जोसेफ ब्रॅमाने पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचं पेटंट घेतलं. पण दाब वाढला की दट्ट्याच्या कडेने पाणी फुटायचं आणि पॅकिंग आवळावं तर दट्ट्याच अडकायचा. त्याच्याकडे कामाला असलेल्या हेन्री मॉडस्लेने कड वळवलेलं कातडं बसवलं, असं सांगतात. पाणी जितका जोर करी तितकी कड भिंतीला चिकटे, दाब सुटला की सैल पडे. ज्या दाबामुळे गळती, त्यालाच गळती रोखायच्या कामाला जुंपलं! खरी अक्कल इथेच लागली. पुढे आकार फारसा बदलला नाही, माल बदलत गेला.

माल्कम लॉकहीडने 1917 मध्ये मोटारीच्या हायड्रॉलिक ब्रेकचं पेटंट मिळवलं, तेव्हाही वाट्या कातड्याच्याच होत्या आणि त्या गळत. 1924 च्या क्रायस्लर गाडीसाठी तिथल्या इंजिनिअरांनी रबर घातलं. आपल्याकडे कातडं त्यानंतरही बराच काळ टिकलं, पण ब्रेकमध्ये नव्हे, पाण्याच्या पंपात: सोलापूरच्या हातपंपावरून घडलेल्या इंडिया मार्क-2 हातपंपाच्या सिलिंडरमध्ये आधी कातडी वायसरच असत.

रबराचं पथ्य मात्र कडक. सुरुवातीच्या ब्रेक ऑइलात एरंडेल आणि अल्कोहोल असे, आता बहुतेक ग्लायकॉल असतं; खनिज तेल या वाट्यांना सोसत नाही. तरी वाटेत ब्रेक ऑइल मिळालं नाही की कुणीतरी इंजिन ऑइल ओततोच. वाटी फुगते, टाकीकडे जाणारं सुईएवढं भोक झाकून बसते. पाय काढला तरी दाब सुटत नाही, ब्रेक धरून राहतात, चाकं तापतात. मग नुसतं तेल बदलून भागत नाही. सगळी लाइन धुवायची, चाकांकडच्या वाट्यांसकट रबर नवं टाकायचं आणि पुन्हा हवा काढायची.