सहकुटुंब चढण : मलंगगडाचा न लिहिलेला इतिहास

बदलापूर गाव रेल्वेरुळांच्या पलीकडे, उल्हास नदीच्या अंगाला वसले आहे. गावातून स्टेशनाच्या दिशेने पाहिले की आकाशाला टेकलेली एक डोंगररांग दिसते. उजवीकडे मलंगगडाचा उभा सुळका, मग ताहुली, मध्ये चंदेरीचे टोक, पुढे म्हैसमाळ, नाखिंद, पेब आणि डावीकडे माथेरानचे पठार. (या डोंगरांच्या बाजूला बदलापुरात ‘पूर्व’ म्हणतात. रेल्वेच्या भाषेतली ही पूर्व भूगोलात बव्हंशी दक्षिण भरते.) या साऱ्या शिखरांवर माणसे जातात, पण सारखीच माणसे जात नाहीत. चंदेरीवर दोर आणि सॅक घेतलेली तरुण मंडळी जातात; माथेरानला हवापालटासाठी जाणारे जातात. आजी, सून, कडेवरचे मूल, शेजारची मुलगी आणि डब्यातल्या चपात्या असा सगळा लवाजमा घेऊन जे पायी चढतात, ते प्रामुख्याने मलंगावर. या तिसऱ्या प्रकारच्या चढणीविषयी मराठीत फारसे कोणी लिहिलेले नाही. ते का लिहिले गेले नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

डोंगर चढण्याचा इतिहास लिहिणारे लोक सहसा पेट्रार्कपासून आरंभ करतात. इ. स. १३३६च्या एप्रिलमध्ये हा इटालियन कवी फ्रान्सच्या दक्षिणेतील मों वांतू या शिखरावर गेला. केवळ उंची पाहण्याच्या इच्छेने आपण चढलो, असे त्याने पत्रात लिहिले आणि त्या पत्रामुळे तो ‘पहिला’ ठरला. या पत्रातल्या दोन गोष्टींकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. पहिली अशी, की सोबतीला कोणाला न्यावे याचा त्याने बराच काथ्याकूट केला आणि अखेर धाकट्या भावाला नेले. म्हणजे ही ‘आद्य’ चढाई एका अर्थी कौटुंबिकच होती. दुसरी अशी, की वाटेत त्यांना एक म्हातारा मेंढपाळ भेटला. पन्नास वर्षांपूर्वी आपण हे शिखर चढून आलो आहोत, असे त्याने सांगितले आणि पुढे जाऊ नका म्हणून विनवले. त्या मेंढपाळाने पत्र लिहिले नव्हते, म्हणून तो पहिला नाही. डोंगराच्या इतिहासात कोण चढले यापेक्षा कोणी लिहिले याला किती महत्त्व येते, ते येथे दिसते.

आपल्या डोंगररांगेतही असेच घडले. १८५०च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट चौकच्या बाजूने माथेरान चढले आणि त्यांनी माथेरानचा ‘शोध लावला’, असे आपण आजही शाळेत शिकतो. त्या पठाराच्या अंगाखांद्यावर ठाकर, कातकरी आणि धनगर पिढ्यान्‌पिढ्या वावरत होते, हे ठाऊक असूनही आपले क्रियापद बदलत नाही. १८५६ मध्ये कल्याणहून निघालेला लोहमार्ग खोपोलीपर्यंत पोचला. त्यामुळे नेरळ मुंबईला जवळ आले. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय कुटुंबाच्या पैशातून छोटी गाडी सुरू झाली आणि माथेरानला जाण्यासाठी चढण्याची गरजच उरली नाही. कुटुंबाची सहल ही कल्पना आपल्याकडे रूढ झाली ती या नमुन्यावर : वर बंगले, वर ‘पॉइंट’, वर घोडे. चढण ही सहलीची अडचण. सहल खरी सुरू व्हायची ती वर पोचल्यावर.

मलंगगडाचे तसे नाही. तिथे चढण हीच सहल आहे.

या डोंगराची कागदोपत्री ओळख किल्ला म्हणून आहे. पीर माची, सोने माची आणि बालेकिल्ला असे त्याचे तीन टप्पे. १७८० मध्ये, पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात, कॅप्टन ॲबिंग्टनच्या फौजेने खालची माची घेतली, पण वरचे मराठे हटले नाहीत. इंग्रजांनी दुरून पाहून या डोंगराला ‘कॅथीड्रल रॉक’ म्हटले. ज्यांच्या डोळ्यांना सवय चर्चच्या मनोऱ्याची, त्यांना सुळक्यात मनोराच दिसायचा. गंमत अशी, की नाव चुकीच्या धर्माचे असले तरी डोंगर देवकार्याचा आहे हे त्यात अजाणता आलेच. पीर माचीवर हाजी अब्दुल रहमान, म्हणजे लोकांच्या बोलण्यातले हाजी मलंग किंवा बाबा मलंग, यांचा दर्गा आहे. ते अरबस्तानातून आले, नल राजाच्या काळात इथे राहिले, अशी आख्यायिका. इंग्रजांची फौज परतल्यावर कल्याणचे काशिनाथपंत केतकर या ब्राह्मण गृहस्थांमार्फत पेशव्यांकडून इथे चादर आली आणि पुढे दर्ग्याची वहिवाट केतकर घराण्याकडे राहिली. ब्राह्मणाने पीराची वहिवाट करावी की नाही, यावरून वाद झाला. १८१७ मध्ये तो चिठ्ठ्या टाकून मिटवण्यात आला आणि तिन्ही वेळा चिठ्ठी केतकरांच्या प्रतिनिधीचीच निघाली, असे सांगतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः १९८०च्या दशकापासून, ही मच्छिंद्रनाथांची समाधी आहे असा दावा घेऊन आंदोलने झाली, आणि आज ‘हाजी मलंग’ म्हणायचे की ‘श्रीमलंगगड’ यावरून बोलणाऱ्याची बाजू ओळखण्याचा प्रघात पडला आहे.

या वादाविषयी पुष्कळ छापून आले आहे. माझे म्हणणे वेगळेच आहे. वहिवाट कोणाची, हा वरच्या माचीवरचा प्रश्न. खालून तिथपर्यंतची जी वाट आहे, तिच्यावर कोणाचीच वहिवाट नाही, आणि तिथेच या डोंगराचा सामाजिक इतिहास घडला आहे.

माघ पौर्णिमेला मलंगाची मोठी यात्रा भरते. पुढे तेरा-चौदा दिवसांनी, माघ वद्य चतुर्दशीला, महाशिवरात्रीची जत्रा अंबरनाथच्या शिलाहारकालीन देवळापाशी. (तिथला शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इ. स. १०६०चा.) कल्याण, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या कुटुंबांचे माघातले वेळापत्रक या दोन तिथींभोवती फिरते. एका पंधरवड्यात पीर आणि पुढच्यात महादेव, यात कोणाला विसंगती वाटत नसे. १९४९ मध्ये कल्याणच्या लष्करी छावणीच्या जागी उल्हासनगर वसले. सिंधमधून निर्वासित होऊन आलेल्या त्या समाजाला पीर-दर्ग्यांची परंपरा नवी नव्हती; सिंध मागे राहिला तरी डोळ्यांसमोर पीराचा एक डोंगर होता.

आता चढणीकडे येऊ. पायथ्यापासून पीर माचीपर्यंत पायऱ्या आहेत आणि पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना दुकाने : चादरी, फुले, उदबत्त्या, लिंबू सरबत, काकडीच्या फोडी, चहा, प्लास्टिकची खेळणी. हौशी गिर्यारोहकाला हा बाजार डोंगराचा अपमान वाटतो. कुटुंबाच्या दृष्टीने पाहिले तर हा बाजार म्हणजे चढणीची रचना आहे. सॅकवाला किती तासांत चढलो ते सांगतो. कुटुंब किती विसाव्यांत चढलो ते सांगते. सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाचा वेग हाच सर्वांचा वेग. तो माणूस बहुधा म्हातारा असतो किंवा चार वर्षांचा असतो. आजी बसली की सगळे बसतात. बसले की कोणीतरी मागच्या खेपेची आठवण काढते. त्या आठवणीत गेलेली माणसे येतात. ‘तुझ्या बापाला याच पायरीवर मी पाठीवर घेतले होते’ या जातीचे वाक्य घराच्या ओटीवर बोलले जात नाही. ते पायरीवरच बोलले जाते. घराण्याचा मौखिक इतिहास डोंगराच्या उतारावर असा टप्प्याटप्प्याने मांडून ठेवलेला असतो.

दुसरी बाब बायकांची. गिर्यारोहणाच्या मराठी इतिहासात स्त्रिया उशिरा येतात आणि आल्या की ‘पहिली महिला’ म्हणून येतात. मलंगाच्या पायऱ्यांवर त्या आधीपासूनच आहेत. नवस बोलणे आणि फेडणे हे घरातल्या बाईचे काम, म्हणून चढण ठरवणारीही तीच. एरवी घराबाहेर एक दिवस काढायला जिला कारण द्यावे लागे, तिला नवसाने कारण मिळे. नवस खरा आणि उंचावरचा वाराही खरा. यातले एक दुसऱ्याचे निमित्त आहे असे मला वाटत नाही. पेट्रार्कने श्रद्धा आणि हौस यांची जी फाळणी केली (वर पोचल्यावर संत ऑगस्टीनचा ग्रंथ उघडून तो स्वतःच हौसेबद्दल खजील झाला), ती या वाटेवर झालेलीच नाही.

मग मराठी साहित्याने ही वाट का पाहिली नाही? विसाव्या शतकाच्या आरंभी चिं. ग. गोगटे यांनी ‘महाराष्ट्र देशांतील किल्ले’ लिहिले, तेव्हा किल्ला म्हणजे राजकारण, वेढा आणि तह. हे स्वाभाविकच होते. पारतंत्र्यात किल्ल्यांची आठवण ठेवणे हे देशकार्य होते. पुढे गो. नी. दांडेकरांनी किल्ल्याला माती, पाणी, पाखरे आणि गडाखालची माणसे परत दिली. ‘माचीवरला बुधा’ मधला म्हातारा मुंबई सोडून राजमाचीच्या माचीवर राहायला जातो, आणि तिथले एकटेपण हे त्याचे वैभव होते. गोनीदांचे ऋण मोठेच आहे. तथापि त्यांच्या वाचकांनी त्यांच्याकडून जो साचा उचलला, त्यात डोंगर म्हणजे गर्दीपासून सुटका आणि गर्दी म्हणजे डोंगराचा शत्रू, असे समीकरण पक्के झाले. १९५४ मध्ये मुंबईत ‘गिरिविहार’ ही संस्था स्थापन झाली. तिच्यामागून इतर आल्या. शिस्त, साहस, नकाशा, दोर अशी नवी भाषा घडली. तिच्यातून उत्तम माणसे आणि काही उत्तम पुस्तके निघाली. पण त्या भाषेत मलंगगड सुरू होतो तो दर्गा संपल्यावर, सोने माचीच्या वाटेला लागल्यावर. त्याखालची चढण एका ओळीत उरकली जाते : पायऱ्या आहेत, गर्दी असते, लवकर निघावे.

शब्दांकडे पाहिले तरी हे कळते. यात्रा, जत्रा, उरूस, सहल, वनभोजन, भटकंती, ट्रेक. यांतल्या पहिल्या तिघांत कुटुंब गृहीत आहे, ‘सहल’ आणि ‘वनभोजन’ यांत शाळा किंवा कचेरी आहे, ‘भटकंती’त आणि ‘ट्रेक’मध्ये मित्रमंडळी. कुटुंबाने केलेल्या हौशी पायी चढणीला मराठीत स्वतंत्र शब्दच नाही. लोक नुसते ‘मलंगला गेलो होतो’ म्हणतात. ज्याला नाव नाही त्याचे वाङ्मय होत नाही, असे म्हणण्याचा मोह होतो. पण ओवीलाही कित्येक शतके कोणी वाङ्मय म्हटले नव्हते. असो.

कौटुंबिक चढणीचे चित्र फार गोड करण्यातही अर्थ नाही. कुटुंबातले सगळेच स्वतःच्या पायांनी चढत नाहीत. मलंगावर अशक्त माणसांसाठी डोली आहे, आणि डोली दुसऱ्यांच्या खांद्यावर असते. माथेरानला हातरिक्षा होत्या. माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला विसंगत ठरवून सर्वोच्च न्यायालयाने २०२५च्या ऑगस्टमध्ये ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांचे ई-रिक्षाद्वारे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. पायथ्याच्या वाड्यांमधल्या आदिवासी बायका कामासाठी हीच चढण रोज चढत आल्या. त्यांच्यासाठी ती ना यात्रा ना ट्रेक. मलंगावर फ्युनिक्युलर रेल्वेचे बांधकाम वर्षानुवर्षे रेंगाळत चालले. तिच्यामुळे आजीचे गुडघे वाचतील, याबद्दल तक्रार करणारा मी कोण? मात्र पायऱ्यांवरच्या दुकानांचे काय आणि विसाव्यांच्या जागी काय येईल, हे विचारायला हवे.

मराठीच्या विद्यार्थ्यांना आणि मार्गदर्शकांना एक सुचवावेसे वाटते. दुर्गसाहित्यावर प्रबंध पुष्कळ झाले. कल्याण ते बदलापूर या पट्ट्यातल्या पंधरा-वीस घरांत जाऊन, मलंगाच्या पहिल्या चढणीविषयी साठीपुढच्या बायकांशी बोलावे. कोण सोबत होते, काय नेले होते, कुठे बसलात, कोणाला उचलून घेतलेत, एवढे चारच प्रश्न विचारावेत. हिंदू, मुसलमान आणि सिंधी घरांतून सारखेच विचारावेत. घरात जत्रेतला एखादा फोटो असेल, बाबा मलंगाच्या कव्वालीची एखादी जुनी कॅसेट असेल, तीही पाहावी. आणि दुकानदारांना विसरू नये. कोणत्या पायरीवर माणसे बसतात, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.